बाबालालमामांचा आडरस्ता

बाबालालमामा गेले ते मागच्या थंडीत. पण लोकांना रस्ता सांगायचं त्यांनी सोडलं ते त्याच्याही आधी सहा-सात महिने, मे महिन्यातल्या एका रविवारी. त्यानंतर फोन आला की ते एवढंच म्हणायचे, "मला म्हाईत न्हाई, बाबा," आणि फोन उशीखाली सारायचे. गल्लीत कुणी म्हणालं म्हातारपण आलं, कुणी म्हणालं आता प्रत्येकाच्या खिशात नकाशा आहे, ह्यांना कोण विचारतंय. दोन्ही खोटं आहे. त्यांनी का सोडलं ते मला माहीत आहे, कारण त्या रविवारी गाडी मी चालवत होतो.

कराडला चिकटून मलकापूर आहे. तिथं आमची घरं समोरासमोर. मी शाळेत भूगोल शिकवतो. ते एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, आणि नोकरीतली बरीचशी वर्षं सांगली-महाबळेश्वर गाडीवर काढलेले. खुब्याची वाटी बदलल्यापासून त्यांना खाली बसता येत नसे, म्हणून फाटकाशी एक उंच लोखंडी खुर्ची कायमची मांडलेली. डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, अंगात बिनइस्त्रीचा सदरा, आणि मांडीवर बटणांचा फोन. मुलानं मोठा फोन आणून दिला तर तो त्यांनी नातीला देऊन टाकला.

एप्रिल लागला की शुक्रवारी संध्याकाळी त्या खुर्चीला कंट्रोलरच्या केबिनची कळा यायची. सांगली, मिरज, इस्लामपूर, कुठून कुठून फोन. कुणाच्या मेव्हण्याचा मित्र, कुणाच्या साहेबांची बहीण. सगळ्यांना एकच हवं असायचं, शनिवारी महाबळेश्वरला जायचंय, गर्दीत न अडकता कसं जायचं.

"कुठनं निघताय?"

"इस्लामपूर."

"कवा?"

"नाष्टा करून, नऊपर्यंत."

"मग जाऊ नगा," म्हणून मामा फोन ठेवून देत. दोन मिनिटांनी तोच माणूस पुन्हा फोन करी आणि पहाटे चारला निघायला तयार असे. मग मामा विचारीत, गाडीत म्हातारं माणूस आहे का, लेकरू आहे का, घाटात कुणाला उलटी होते का. त्यावर ठरायचं वाईवरून पाठवायचं, मेढ्यावरून पाठवायचं, की आणखी कुठून आतून. यातले पैसे वगैरे काही नाहीत. एकानं येताना पेढ्यांचा पुडा आणून दिला, तर मामांनी तो गल्लीत वाटला आणि त्या माणसालाच विचारलं, "पुडा घ्यायला साताऱ्यात थांबलास? मग किती वाजता पोचलास?"

ज्यांना रस्ता सांगायचा त्या लोकांबद्दल त्यांचं मत काही चांगलं नव्हतं. "मास्तर, ह्या लोकांचं डोंगराशी काय घेणं न्हाई बगा. दीडशे किलोमीटर जात्यात, म्होरच्या गाडीचं ढुंगण बगत्यात आन माघारी येत्यात." मी म्हणायचो, मग सांगता कशाला? त्यावर ते म्हणायचे, "आवं, लेकरं असत्यात गाडीत. ती काय करतील?"

आता त्यांची विद्या. घाट, वळणं, कुठं रस्ता रुंद, कुठं अरुंद हे कुठल्याही ड्रायव्हरला कळतं. मामांना त्यापलीकडचं एक कळायचं. आमच्या सातारा भागात ऐन उन्हाळ्यात, चैत्र-वैशाखात, गावोगाव यात्रा असतात. यात्रेच्या दिवशी त्या गावातून गाडी नेणं म्हणजे विहिरीत गाडी घालणं. पालखी रस्त्यावर, कुस्त्या रस्त्याकडेला, पाहुण्यांच्या गाड्या दोन्ही अंगाला. आणि कुठल्या गावाची यात्रा कुठल्या तिथीला, हे मामांना तोंडपाठ होतं. त्यांचे वडील दस्तगीरभाई मुलाणी. यात्रेचं बकरं मुलाण्यानं कापल्याशिवाय गावात चूल पेटायची नाही. मेढ्याच्या खोऱ्यातली वीस-पंचवीस गावं त्यांच्याकडं होती, आणि मामांचं सगळं बालपण बापाच्या मागून सुऱ्यांची पिशवी घेऊन एका यात्रेवरून दुसऱ्या यात्रेला जाण्यात गेलेलं. "चैत्र वद्य अष्टमीला हितं, नवमीला नदी उतरून पल्याड, दशमीला मुक्काम, अकराव्या दिवशी आमाला सुट्टी, कारण एकादशीला कोण खातंय?" असं ते बोटांवर मोजत. आमच्या गल्लीतल्या जोशीकाकू संकष्टी कधी आहे हे पंचांग बघण्याऐवजी फाटकाशी येऊन मामांना विचारायच्या. मामा सांगायचे, आणि वर चंद्रोदयाची वेळही सांगायचे.

मी भूगोलाचा मास्तर, त्यातून नवा फोन घेतलेला. मला ही तिथीची भानगड काही पटत नसे. एकदा बायको-पोरांना घेऊन निघालो तेव्हा फोन एक आतला रस्ता दाखवत होता, निळाशार, मोकळा. मामा म्हणाले, "त्या गावावनं नगा जाऊ. आज अष्टमी हाय. दोनला कुस्त्या सुटतील." मी हसलो आणि गेलो. दोनच्या ठोक्याला आम्ही त्या गावच्या वेशीत होतो, आणि साडेपाचपर्यंत तिथंच होतो. महाबळेश्वर काही बघणं झालं नाही, तिथूनच माघारी फिरलो. रात्री घरी आलो तर मामा खुर्चीत बसलेले. मी फाटकाचं कुलूप काढत असताना त्यांनी मागून विचारलं, "कुस्त्या कशा झाल्या?"

वेळेच्या बाबतीत मात्र हा माणूस निर्दय होता. गाडी सुटायच्या वेळेला सुटली पाहिजे, मग कुणी का राहीना. एकदा मामी त्यांच्याच गाडीत होत्या. सातारा स्टँडवर त्या पाण्याची बाटली भरायला उतरल्या. कंडक्टर म्हणाला, "मुलाणी, वहिनी यायच्यात." मामांनी घड्याळ बघितलं, मागं वळून गाडीतली चाळीस माणसं बघितली, आणि गाडी काढली. मामी पुढच्या गाडीनं आल्या, आणि आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. ही गोष्ट मामीच हसत सांगायच्या, आणि सांगून झाल्यावर मामा म्हणायचे, "चाळीस लोकास्नी एका माणसासाठी उन्हात बसवायचं? मग तो माणूस कुणीबी असू द्या." त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

ह्या माणसाचं सगळं कठीणपण एका ठिकाणी पाघळायचं, ते म्हणजे आपा. आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई वारली तेव्हा मामा तीन वर्षांचे आणि आपा अकराची. तिनं ह्यांना कडेवर वाढवलं. भाकरी करताना पोर रडायला लागलं तर एका हातानं भाकरी थापायची आणि एका हातानं ह्यांना थोपटायची, असं मामा सांगायचे. पुढं तिला महाबळेश्वरला दिली. नवऱ्याचं बाजारात चपलांचं दुकान. मामांनी ती सांगली-महाबळेश्वर गाडी मागून का घेतली हे आता वेगळं सांगायला नको. गाडी स्टँडला लागली की आपा डबा घेऊन उभी असायची, पाऊस असो की थंडी. कंडक्टरसाठी वेगळी भाकरी असायची.

निवृत्तीनंतर मामा आपाकडं जायचे ते पावसाळ्यात आणि थंडीत. उन्हाळ्यात कधीच नाही. मे महिन्यातलं महाबळेश्वर त्यांना बघवत नसे. त्या वर्षी एका गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो होतो आणि आपाचा फोन आला. ही भावंडं आपसात घरची हिंदी बोलायची. मला सगळं कळत होतं. आपाला बरं वाटत नव्हतं, येऊन जा म्हणत होती. मामा म्हणाले, आत्ता नको आपा, शनिवार-रविवार आलाय, गाड्यांच्या रांगा लागल्यात, जून लागला की येतो. ती म्हणाली, मग सोमवारी तरी ये. मामा हसून म्हणाले, सोमवारी तर उतरणारी गर्दी असते. तिनं पुन्हा आग्रह केला नाही. फोन ठेवल्यावर मामा मला म्हणाले, "जरा खोकला झाला की बोलावती. लय मायाळू."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मोठी सुट्टी जोडून आलेली, शाळांचे निकाल लागलेले, वाईचा घाट आणि मेढ्याच्या वाटेवरचा केळघरचा घाट दोन्ही भरणार हे मामांना दिसत होतं. म्हणून त्यांनी त्या संध्याकाळी आलेल्या सगळ्या फोनांना त्यांचा राखून ठेवलेला रस्ता सांगितला. साताऱ्याहून मेढ्याकडं निघालं की थोड्या अंतरावर डोंगराच्या पोटानं जाणारी एक अरुंद सडक फुटते. ती तीन-चार गावांतून फिरून पार वर मोठ्या रस्त्याला मिळते. सहसा तो रस्ता ते कुणाला सांगत नसत. त्या दिवशी त्यांनी तो दहा-अकरा जणांना तरी सांगितला, कुणाला शनिवारसाठी, कुणाला रविवारसाठी. मी तिथंच शेंगा खात बसलो होतो.

रविवारी सकाळी साडेसहाला मामांचा मुलगा माझ्या दारात आला. तो रात्रपाळी करून नुकताच आलेला, डोळे तारवटलेले. पहाटेच्या नमाजाच्या सुमाराला आपा गेली होती. तिचा मुलगा आसिफ, त्याचा फोन आला होता. दुपारी जोहरची नमाज झाली की माती. म्हणजे दोनच्या आत.

"मास्तर, तुमी नेता का अब्बास्नी? माझ्यानं आता गाडी चालवायची न्हाई. मी अम्मीला घेऊन यष्टीनं मागनं येतो."

मी शर्ट अडकवला आणि निघालो. मामा पुढच्या सीटवर बसले. रडत नव्हते. घड्याळ बघत होते. कराड सोडल्यावर एकदा म्हणाले, "तोंड बघायला पायजे." पुन्हा उंब्रजच्या पुढं म्हणाले, "कफन बांधायच्या आत तोंड बघायला पायजे, मास्तर."

हायवेवरही गाड्या मुंगीच्या पावलानं चाललेल्या, साताऱ्यात पोचायलाच नऊ वाजले. मी फोनवर नकाशा लावून बघितला. वाईवरून साडेबारा दाखवत होता, मेढा-केळघरवरून सव्वाबारा. दोन्ही रस्ते तांबडे. मी म्हणालो, "मामा, रांगेतून गेलो तरी सव्वाबाराला पोचतो. तोंडही दिसेल, मातीही मिळेल."

"त्यो आकडा दुपारपतूर वाढतच जातोय," मामा म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटून बोटांवर मोजलं. "आज वद्य द्वादशी. त्या अंगाला सप्तमीची एक यात्रा, ती झाली. अमावस्येपतूर काय न्हाई. मास्तर, आतनं घ्या. अकराच्या आत पोचवतो तुमाला."

मी आधी एकदा तोंडघशी पडलो होतो, आणि समोरच्या माणसाची बहीण गेली होती. मी गाडी आत घातली.

पहिलं गाव मोकळं लागलं, दुसरंही. मामा पहिल्यांदा जरा सैल होऊन बसले, आणि आपाच्या हातच्या कसल्याशा आमटीचं सांगायला लागले. तिसऱ्या गावाच्या अलीकडं वळण घेतलं आणि समोर पांढऱ्या गाड्या दिसल्या. रस्त्याच्या दोन्ही अंगाला, शेताच्या बांधापर्यंत लावलेल्या, बहुतेक सगळ्या पुणे-मुंबईच्या पासिंगच्या. मधून ढोल वाजत होते. वेशीवर फुलांची कमान होती आणि कमानीवर यात्रेचा फलक.

मामा त्या फलकाकडं बघत राहिले. "आज न्हाई," ते म्हणाले. "आज ह्यांची यात्रा न्हाई."

मी उतरलो. एक फेटेवाले आजोबा भेटले, त्यांना गाडीपाशी घेऊन आलो. त्यांनी आत वाकून बघितलं आणि तोंडभर हसले. "तू दस्तगीर मुलाण्याचा न्हवं? अरं, किती वर्सांनी! तुज्या बापाचा मान अजून काढून ठेवतोय आमी. उतर, उतर. जेवल्याबिगर सोडणार न्हाई."

"तुमची यात्रा सप्तमीला असती," मामा म्हणाले.

"व्हती. दोन वर्सं झाली, रविवारी धरतोय. समदी पोरं पुण्या-मुंबईला. तिथीला सुट्टी कोण देतंय त्यास्नी? पालखी उचलायला खांदा मिळंना, म्हणून पुण्यात बैठक घिऊन रविवार केला." मग आजोबांना मामांचा चेहरा नीट दिसला. "का रं, काय झालं?"

"आपा गेली," मामा म्हणाले. "दोनच्या आत माती हाय, म्हाबळेश्वरला."

आजोबांनी फेटा काढून हातात घेतला. ती माणसं वाईट नव्हती हो. म्हणूनच गावाचं नाव मी लिहीत नाही. मंडपातल्या कर्ण्यावरून पुकारा सुरू झाला, बारा पासिंगची पांढरी गाडी काढावी, मयतीची गाडी अडकली आहे, चौदा पासिंगची लाल गाडी काढावी. पण गाड्यांचे मालक घरोघरी रश्शाच्या ताटावर बसलेले. एकजण सापडायचा तर त्याची किल्ली भावाकडं, आणि भाऊ पालखीबरोबर. समोरून पालखी निघालेली. एका पोरानं मोटारसायकल आणली, म्हणाला, "आजा, बसा, गर्दीतनं काढतो तुमास्नी." चौघांनी मामांना उचलून मागं बसवायचा प्रयत्न केला. पाय फाकेना. खुब्यातून अशी कळ गेली की ते जोरात ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ओरडताना ऐकलं. पोरांनी घाबरून खाली ठेवलं.

मग मी म्हटलं, मागं फिरू, केळघरनं जाऊ. मागं बघितलं तर आमच्या मागं गाड्यांची रांग लागलेली. रस्ता एका गाडीचा, वळायला जागा नाही. मागच्या गाडीतून एक माणूस उतरून आला, बायको आणि दोन मुलं आत. त्यानं मामांचं बोलणं ऐकलं आणि थबकला.

"बाबालालमामा न्हवं तुमी? आवाजावरनं वळिकलं. मी इस्लामपूरचा. परवा फोन केला व्हता बगा. तुमीच हा रस्ता सांगितला." आणि अगदी विश्वासानं त्यानं विचारलं, "आता कुठनं काढायची गाडी, मामा?"

त्याच्या मागच्या गाडीतलेही मामांचेच. त्याच्याही मागचे. कुणी रागावलं नव्हतं. मामा बरोबर आहेत म्हणजे सुटणारच, असं वाटून ते झाडाखाली उभे राहिले, पोरांना करवंदं घेऊन दिली. मामांनी त्या रांगेकडं बघितलं आणि गाडीचं दार ओढून घेतलं. त्यानंतर ते बाहेर आले नाहीत. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं. मला माझी चीड आली, त्या निळ्या-तांबड्या फोनची आली, त्या ढोलांची आली, रविवारची आली. देवालासुद्धा रविवारची वाट बघायला लावणाऱ्या ह्या आमच्या जगण्याची चीड आली. पण चिडून गाडी वीतभर पुढं सरकत नव्हती.

पावणेदोनला आसिफचा फोन आला. बटणांचा फोन, आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. नमाज झाली होती. कबर तयार होती. "मामू, अस्र तक रखूं क्या? आप बोलो."

म्हणजे पुढच्या नमाजापर्यंत, साडेपाचपर्यंत. साडेपाचपर्यंत आम्ही नक्की पोचलो असतो. मी मान हलवत होतो, हो म्हणा, हो म्हणा. मामा समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. बाहेर ऊन असं होतं की डांबर मऊ झालेलं.

"लोग कितने हैं?" त्यांनी विचारलं.

"बहुत हैं, मामू. सब धूप में खड़े हैं."

"रुको मत, बेटा. मिट्टी दे डालो."

मी त्यांचा हात धरला. "मामा, असं काय करता! सख्खी बहीण. तीन-चार तास थांबतील लोक."

"मास्तर," ते म्हणाले, "माज्यामुळं तिला पहाटेपासनं ताटकळत ठेवलंय. आता आणिक तीन-चार तास उन्हाळ्यात ठेवू व्हय तिला? तिनं मला कवा ताटकळत ठेवलं न्हाई." एवढं बोलल्यावर मात्र त्यांना रडू फुटलं. तोंड उघडं ठेवून, आवाज न करता ते रडत होते, आणि बाहेर पालखीवर गुलाल उधळला जात होता.

रस्ता अडीचला सुटला. चारला आम्ही महाबळेश्वरात शिरलो. बाजारात घोडे, आइस्क्रीम, फोटो, सगळं चाललेलं. कबरस्तानात आसिफ एकटाच थांबला होता. बाकीचे लोक गेलेले. त्याच्याकडून कळलं की साताऱ्याचे एक पाहुणे आमच्यानंतर निघाले होते. ते मुकाट्यानं केळघरच्या रांगेत उभे राहिले आणि साडेबाराला पोचले. त्यांना तोंड बघायला मिळालं, मातीही मिळाली. आसिफ हे मला बाजूला घेऊन सांगत होता, पण मामांना ऐकू गेलं. ते म्हणाले, "बरं झालं. कुणीतरी आलं."

नवी कबर लगेच ओळखू येते. माती ओली होती, वर पाणी शिंपडलेलं, सब्जाची डहाळी खोचलेली. मामांनी चपला काढल्या. वाकायला येत नसल्यामुळं आसिफनं त्यांच्या ओंजळीत माती दिली, एक मूठ, दोन, तीन. त्यांनी ती वरून सोडली. कबर केव्हाच भरून झाली होती. ती माती नुसती वर पडून घरंगळत खाली आली.

मला वाटलं आता निघतील. पण ते काठी टेकत कबरीला वळसा घालून पलीकडं गेले, पश्चिमेच्या अंगाला. तिथं सावली नव्हती, बसायला काही नव्हतं. मी म्हणालो, मामा, अलीकडं झाडाखाली या. त्यांनी ऐकलं नाही. मी त्यांना आणायला निघालो तर आसिफनं माझा दंड धरला.

"राहू द्या, मास्तर," तो हळूच म्हणाला. "आमच्यात कबरीत तोंड पश्चिमेला करून ठेवतात. अम्मीचं तोंड त्या बाजूला आहे."

मामांनी काठी खाली टाकली. ज्या माणसाला दोन वर्षांत कुणी खाली बसलेलं बघितलं नव्हतं, तो कबरीच्या कडेला हात रोवून, दात आवळून, इंचाइंचानं खाली बसला. एक पाय तसाच ताठ पुढं राहिला. मग त्यांनी टोपी सरळ केली, बाहीनं तोंड पुसलं, आणि मातीकडं बघत बसले.